जंगलात शाळा नाही, मग प्राणी शिकतात कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवाळ्यात दर रविवारी सकाळी आम्ही काही मंडळी बडोद्यातल्या कमाटीबागेच्या काळा घोड्याकडच्या दाराशी जमतो. दांडिया बाजार, रावपुरा, खारीवाव रोड अशा ठिकाणांहून मुलं येतात. त्यांना सोडायला आजी-आजोबा येतात आणि बऱ्याचदा सोडायला आलेलेच शेवटपर्यंत थांबतात. मी बरीच वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे प्रश्न माझ्याकडे येतात. पक्षी बदलतात, ऋतू बदलतो, पण विचारणं तेच असतं: हे सगळं यांना कळतं कसं? फिरता फिरता दोन वाक्यांत उत्तर दिलं की माझंच समाधान होत नाही. म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

प्राण्यांचं सगळं उपजतच असतं ना? मग शिकायचं काय उरतं?

कोकिळेचं पाहा. उन्हाळा सरताना मादी कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते आणि निघून जाते. पिल्लू कावळ्याच्या चोचीतलं खाऊन वाढतं, दिवसभर काव-काव ऐकतं आणि नर असेल तर मोठेपणी कुहूच करतं. त्याला ते कोणी शिकवलेलं नसतं. हे खरं उपजत.

आता त्याच झाडावरचा दयाळ घ्या. तो गाणाऱ्या पक्ष्यांच्या गटातला आहे, आणि या गटातल्या पिल्लांना गाणं ऐकून घोटावं लागतं. विल्यम थॉर्प यांनी १९५०च्या दशकात केंब्रिजमध्ये चॅफिंच नावाच्या छोट्या पक्ष्याची पिल्लं इतरांपासून वेगळी वाढवली. मोठी झाल्यावर ती गायली, पण मोडकं-तोडकं. गाण्याची लांबी साधारण बरोबर होती, हरकती आणि शेवटची उठावदार तान मात्र नाही. गाण्याची ओढ आणि ढोबळ साचा रक्तातून आला होता. चीज मोठ्यांकडून यायची होती, ती आलीच नाही. शिवाय हे ऐकण्याचं वय ठरलेलं असतं. ते निघून गेलं की मागाहून कितीही ऐकवलं तरी गळ्यात नीट बसत नाही. फैयाज खाँ ज्या दरबारात गायले त्या गावातल्या माणसांना तालमीचं महत्त्व मी काय सांगू?

तेव्हा ‘उपजत की शिकलेलं’ असा सरळ कौल बहुतेक वेळा लावता येत नाही. दोन्ही एकमेकांत विणलेलं असतं.

शत्रू कोण, हे पिल्लाला कोण सांगतं?

बागेत सातभाईंचा थवा अचानक कलकलाट करायला लागला की मी मुलांना वर पाहायला सांगते. बहुतेक वेळा जवळपास शिक्रा बसलेला असतो, नाहीतर खाली मांजर असतं. त्या गोंधळात थव्यातली लहान पिल्लंही असतात आणि त्यांचा धडा तिथेच चालू असतो.

जर्मनीत एबरहार्ड कुरिओ आणि सहकाऱ्यांनी १९७८मध्ये यावर एक फार सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. दोन काळे कस्तुर समोरासमोरच्या पिंजऱ्यांत, मध्ये खणांची पेटी. एकाला खणात घुबड दिसे, तो आरडाओरडा करी. दुसऱ्याला मात्र त्याच वेळी आपल्या बाजूच्या खणात दिसे पेंढा भरलेला, अनोळखी, निरुपद्रवी पक्षी. त्याला वाटलं, हा त्या पक्ष्यावरच ओरडतोय. त्यानंतर तो स्वतः तसला पक्षी दिसला की ओरडू लागला, आणि त्याच्याकडे पाहून पुढचा, मग त्याच्या पुढचा. तो पक्षी वाईट, हा समज एकाकडून दुसऱ्याकडे असा सहा कस्तुरांपर्यंत गेला. भीतीची जागा जन्मापासून तयार होती. त्या जागेवर कोणाला बसवायचं ते थवा ठरवत होता.

केनियातल्या अंबोसेलीच्या व्हर्वेट माकडांचंही असंच. बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी त्यांची इशाऱ्याची हाक वेगवेगळी असते. बिबट्याची हाक आली की झाडावर चढायचं, गरुडाची आली की वर पाहायचं किंवा झुडपात शिरायचं, सापाची आली की दोन पायांवर उभं राहून गवतात शोधायचं. रॉबर्ट सेफार्थ, डोरोथी चेनी आणि पीटर मार्लर यांनी १९८०मध्ये हे मांडलं. त्यात मला सगळ्यात आवडतात ती पिल्लं. ती निरुपद्रवी पक्ष्याला, कधी वरून पडणाऱ्या पानालाही गरुडाची हाक देतात! म्हणजे वरून येणाऱ्या गोष्टीला कुठली हाक द्यायची ते जन्मतःच ढोबळ कळतं, पण नेमका कोणता पक्षी घातक हे वयाबरोबर पक्कं होतं.

प्राणी खरोखर ‘शिकवतात’ का, की पिल्लं आपोआप उचलतात?

बहुतेक ठिकाणी पिल्लं उचलतात आणि मोठे त्यांना जवळ राहू देतात, एवढंच. शिकवणं म्हणायला अट कडक आहे. शिकवणाऱ्याने नवख्यासमोर आपलं वागणं बदललं पाहिजे, त्यात स्वतःची थोडी तोशीस सोसली पाहिजे, आणि त्यामुळे नवखा लवकर शिकला पाहिजे. ही व्याख्या टिम कॅरो आणि मार्क हाउझर यांनी १९९२मध्ये दिली. तिच्यात बसणारी उदाहरणं थोडी आहेत, पण जी आहेत ती लख्ख आहेत.

आफ्रिकेच्या कलहारी वाळवंटात मीरकॅट राहतात, मुंगसाच्या कुळातले. ते विंचू खातात. अगदी लहान पिल्लांना मोठे मीरकॅट मेलेला विंचू आणून देतात. पिल्लं जरा मोठी झाली की जिवंत विंचू, पण नांगी तोडलेला. त्याहून मोठी झाली की नांगीसकट जिवंत. पिल्लाने विंचू सोडला तर मोठा तो नाकाने पुन्हा त्याच्याकडे ढकलतो. ॲलेक्स थॉर्नटन आणि कॅथरीन मॅकऑलिफ यांनी २००६मध्ये हे दाखवलं. आणखी एक बारकावा त्यांच्या हाती लागला: कुठल्या पायरीचा विंचू द्यायचा हे मोठे पिल्लाच्या आवाजावरून ठरवतात. लहान पिल्लांच्या गटाजवळ मोठ्या पिल्लांचं ओरडणं ध्वनिक्षेपकावरून ऐकवलं, तर मोठे मीरकॅट जास्त जिवंत विंचू आणू लागले. पिल्लाच्या मनात डोकावण्याची गरज नाही, आवाज पुरतो. मला यात कमीपणा वाटत नाही. वर्गात मीही बऱ्याचदा मुलांच्या आवाजावरूनच ओळखायची, कळलंय की नाही ते.

त्याच वर्षी मुंग्यांचाही दाखला मिळाला. एका जातीची मुंगी अन्नाची वाट दुसरीला दाखवायला निघते तेव्हा थांबत थांबत चालते आणि मागचीने मिशांनी स्पर्श केल्यावरच पुढे सरकते. एकटी गेली असती तर ती सुमारे चौपट वेगाने पोचली असती.

आपल्या अंगणातली मांजर पिल्लांसमोर अर्धमेला उंदीर सोडते, तेही याच जातीचं काम.

नुसतं पाहून शिकणं म्हणजे नेमकं काय?

इथे घाई करू नये, कारण ‘पाहून शिकला’ या दोन शब्दांत तीन-चार वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात.

कधी फक्त लक्ष वेधलं जातं. इस्रायलमधल्या पाइनच्या जंगलात काळे उंदीर पाइनच्या बोंडातल्या बिया खाऊन जगतात. बोंडाचे खवले बुडापासून गोल-गोल क्रमाने काढले तरच खाण्यात खर्च झालेली शक्ती भरून निघते. जोसेफ टर्केल यांनी पाहिलं की एकट्या उंदराला पूर्ण बोंड दिलं तर ही युक्ती सहसा सापडत नाही. पण आईने अर्धवट सोललेलं बोंड पिल्लाच्या हाती आलं की पुढचं काम ते स्वतःच पुरं करतं. आईने काही दाखवलं नाही, अर्धं काम मागे ठेवलं. इंग्लंडमध्ये १९२१पासून छोटे टिट पक्षी दारातल्या दुधाच्या बाटल्यांची झाकणं फोडून साय खात, त्यातही उघडी बाटली भेटणं हाच पुष्कळांचा धडा असावा.

कधी मात्र खरी नक्कल आणि पुष्कळ सराव लागतो. पश्चिम आफ्रिकेतले काही चिंपांझी दगडाच्या ऐरणीवर दगडाच्याच हातोड्याने कडक फळं फोडतात. पिल्लू आईशेजारी बसून वर्षानुवर्षं पाहतं, दगड उचलतं, फळाशिवायच आपटतं, फळ जमिनीवर ठेवून हाताने मारतं. जमायला तीन ते पाच वर्षं जातात. लहानपणी हे जमलं नाही तर मोठेपणी सहसा जमतच नाही. आई हातोडा हिसकावू देते, फोडलेला गर खाऊ देते. तिचा हा धीर हीच त्याची फी.

टांझानियाच्या गोम्बेमध्ये जेन गुडाल यांनी १९६०मध्ये गवताची काडी वारुळात घालून वाळवी काढणारे चिंपांझी पाहिले. तिथे पुढे असंही दिसलं की मुली आईकडे जास्त वेळ टक लावून पाहतात आणि मुलग्यांपेक्षा सुमारे दोन वर्षं आधी ही विद्या शिकतात. हे सांगितलं की आमच्या रविवारच्या घोळक्यातल्या मुली लगेच एकमेकींकडे पाहतात.

शंभर माकडांनी शिकलं की दूरच्या बेटावरच्या माकडांना आपोआप येतं, असा निरोप मोबाइलवर आला. खरं आहे का?

नाही. मूळ गोष्ट खरी आहे आणि तीच जास्त सुंदर आहे. जपानच्या कोशिमा बेटावर १९५३मध्ये इमो नावाच्या सुमारे दीड वर्षाच्या माकडिणीने वाळूने माखलेलं रताळं पाण्यात धुऊन खाल्लं. आधी तिच्या बरोबरीच्यांनी उचललं, मग तिच्या आईने. पुढे ज्या आया धूत होत्या त्यांची पिल्लं धुऊ लागली. वयस्क नर शेवटपर्यंत जसे होते तसेच राहिले. जवळपास दहा वर्षांनी कळपातली तीन चतुर्थांश माकडं रताळी धूत होती. हे सगळं नात्यागोत्यातून, हळूहळू, डोळ्यांसमोर झालं आणि संशोधकांनी माकडागणिक नोंदवलं. त्यात चमत्कार नाही. निरोप पुढे पाठवू नका.

सुगरणीला घरटं विणायला कोण शिकवतं?

आधी एक गोष्ट मुलांना सांगावीच लागते: नाव बाईचं असलं तरी विणतो नर. पावसाळ्यात वढवाणा तलावाच्या वाटेवर बाभळींवर ही घरटी लटकलेली दिसतात. तिथे तासभर थांबलात तर पिवळ्या डोक्याचा नर पात्याची कड चोचीने चिरून लांब पट्टी काढतो आणि गाठ मारतो, हे दिसेल. अर्धं घरटं झालं, उलट्या टोपलीसारखं, की मादी येऊन तपासते. पसंत पडलं तर पुढचं काम, नाहीतर ते तसंच सोडून तो दुसरं सुरू करतो. सलीम अली यांनी १९३१मध्ये हे बारकाईने लिहिलं: एक नर अनेक घरटी बांधतो आणि प्रत्येकात वेगळी मादी संसार मांडू शकते.

घरट्याचा आकार उपजत असतो, हात मात्र सरावाने बसतो. तरुण नर पहिल्या हंगामात नुसत्या गाठी मारतात. अर्धवट, वेड्यावाकड्या, वाऱ्याने सुटणाऱ्या. आफ्रिकेतल्या विणकर पक्ष्यांवर कोलियास दांपत्याने केलेल्या कामात दिसलं की ज्या पिल्लांना लहानपणी गवताची पाती मिळालीच नाहीत, ती मोठी झाल्यावर विणकामात मागे पडली. पात्याशी खेळणं हाच अभ्यास होता. झाडाखाली पडलेलं एखादं बेढब विणकाम सापडलं तर ‘बिघडलेलं घरटं’ म्हणून टाकू नका. कुणाची तरी पाटी आहे ती.

वढवाण्याला येणाऱ्या पट्टकादंबांना एवढी लांबची वाट कशी सापडते?

डभोईजवळचा वढवाणा तलाव १९१०मध्ये सयाजीराव महाराजांच्या काळात सिंचनासाठी बांधला गेला आणि २०२१मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला. हिवाळ्यात तिथे येणारे पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर पट्टे असलेले हंस, हिमालय ओलांडून येतात. हंसांच्या या कुळात पिल्लं पहिला प्रवास आईवडिलांबरोबरच करतात आणि वाट पाठ करतात.

याच्या उलट चातक. पावसाच्या तोंडावर येतो, सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो. सातभाई जन्मभर आपला परिसर सोडत नाहीत. त्यांनी वाढवलेलं चातकाचं पिल्लू मात्र एक दिवस उठून आफ्रिकेच्या दिशेने निघतं. एक वाट कुटुंबाकडून मिळालेली, दुसरी अंगातच असलेली. दोघेही आपल्याच जिल्ह्यात भेटतात, हे किती मोठं भाग्य!

शिकलेली वाट तुटली तर काय होतं हे अमेरिकेत दिसलं. व्हूपिंग क्रेन हे उंच पांढरे क्रौंच १९४१च्या सुमारास जेमतेम वीस-बावीस उरले होते. माणसांनी पिंजऱ्यात वाढवलेल्या पिल्लांना दक्षिणेची वाट कोण दाखवणार? म्हणून २००१पासून कार्यकर्ते पांढरे झगे घालून हलक्या विमानातून पुढे उडाले आणि पिल्लं मागे उडाली. नंतरच्या अभ्यासात कळलं की थव्यात एक तरी अनुभवी पक्षी असेल तर बाकीचे कमी भरकटतात.

त्याच देशात जंगली मेंढ्यांचे कळप नवीन डोंगरांवर नेऊन सोडले होते. हिरव्या गवतामागे कधी कुठे चढायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं. २०१८च्या एका अभ्यासाप्रमाणे ते ज्ञान पुन्हा उभं राहायला काही दशकं, म्हणजे मेंढ्यांच्या अनेक पिढ्या लागल्या. मेंढ्या हलवल्या, नकाशा मागेच राहिला.

म्हाताऱ्या प्राण्यांचा कळपाला काय उपयोग? शिकार तर तरुणच करतात.

टांझानियाच्या टॅरंगिरे उद्यानात १९९३मध्ये मोठा दुष्काळ पडला. ज्या हत्तीकुटुंबांत वयस्क माद्या होत्या ती उद्यान सोडून दूर गेली आणि त्यांची कमी पिल्लं दगावली. त्या माद्यांनी लहानपणी, १९६०च्या आसपासचा दुष्काळ पाहिलेला होता. ज्यांच्या म्हाताऱ्या हस्तिदंतासाठी मारल्या गेल्या होत्या, ती कुटुंबं तिथेच थांबली.

दक्षिण आफ्रिकेच्या पिलानेसबर्गमध्ये तर गोष्ट फार दुःखद झाली. दुसरीकडच्या कळपांतले मोठे हत्ती मारून उरलेली अनाथ पिल्लं तिथे आणून सोडली. त्यातले नर मोठे झाले, अकाली माजावर येऊ लागले आणि १९९२ ते १९९७ या काळात त्यांनी चाळीसहून अधिक पांढरे गेंडे मारले. १९९८मध्ये क्रूगरमधून सहा प्रौढ नर आणले. त्यांच्या धाकात तरुणांचा माज आटोक्यात आला, गेंड्यांचा संहार थांबला. कुणी त्यांना मारलं-बांधलं नाही. वडीलधारी घरात आली, इतकंच. मी हे सांगते तेव्हा आजोबा मंडळी एकदम शांत होतात.

कावळा माणसाचा चेहरा लक्षात ठेवतो म्हणतात, ते खरं का?

अमेरिकेतल्या कावळ्यांबाबत तरी सिद्ध झालं आहे. सिॲटलमध्ये जॉन मार्झलफ यांनी २००६मध्ये आदिमानवाचा मुखवटा घालून सात कावळे पकडले आणि खुणेचे वाळे घालून सोडून दिले. पुढे तो मुखवटा कोणीही घालून फिरला की कावळे कर्कश ओरडत. वर्षागणिक ओरडणाऱ्यांची संख्या वाढत गेली. जे पकडले गेलेच नव्हते, इतकंच काय जे तेव्हा जन्मलेही नव्हते, तेही ओरडू लागले.

विश्वामित्री नदीतल्या मगरी काही शिकतात का?

शिकतात. मगरीची पिल्लं अंड्यातूनच आवाज देतात, आई घरटं उकरते आणि पिल्लांना जबड्यात धरून पाण्यात नेते. मद्रासच्या मगर केंद्रात बगळ्यांच्या विणीच्या दिवसांत मगरी नाकाडावर काटक्या घेऊन स्थिर पडून राहताना आढळल्या, घरट्यासाठी काटकी शोधणारा बगळा जवळ यावा म्हणून. ही युक्ती शिकलेली की योगायोगाची, यावर अभ्यासकांत वाद आहे. नदीकाठच्या माणसाने लक्षात ठेवायची गोष्ट वेगळी: रोज त्याच जागी, त्याच वेळी पाण्यात उतरू नये. ठराविक वेळ मगरीलाही कळते. ऑगस्ट २०२४च्या पुरात मगरी गल्ल्यांत आल्या तेव्हा गावाने जो संयम दाखवला, त्याचा मला अभिमान आहे.

किडे तरी यंत्रासारखेच असतील?

मधमाशीचं नाचून फुलांचा पत्ता सांगणं हे उपजततेचं नामांकित उदाहरण मानलं जाई. २०२३मध्ये एका प्रयोगात फक्त कोवळ्या माश्यांचं पोळं तयार केलं, अनुभवी नाचणारी एकही नाही. त्यांचा नाच चुकला. दिशेची चूक सरावाने सुधारली, अंतराची मात्र आयुष्यभर राहिली.

तीर्थक्षेत्री माकडं प्रसाद हिसकावतात. तेही शिकलेलंच ना?

हो, आणि शिकवणारे आपण. बालीच्या उलुवातू मंदिरात माकडं चष्मा, मोबाइल पळवतात आणि खाऊ मिळेपर्यंत परत देत नाहीत. त्यातली मोठी माकडं माणसाला जास्त मोलाची वाटणारी वस्तू निवडतात, हा व्यवहार लहानांना हळूहळू जमतो. सिडनीत काकाकुवे कचरापेटीचं झाकण उचलायला शिकले: २०१८पूर्वी तीन उपनगरांत, २०१९अखेर चव्वेचाळीस. ते हुशार आहेत याचं कौतुक वाटतंच. पण तीर्थाच्या डोंगरावर कोणी माकडाच्या पिल्लाच्या हातात केळं देताना दिसलं की मला त्या पिल्लाचं वाईट वाटतं. ज्या वयात कुठल्या झाडाला कधी कोवळी पालवी येते हे आईमागे फिरून शिकायचं, त्या वयात ते पायरीवर बसून पिशव्या ओळखायला शिकतं. कृपया देऊ नका.

जमिनीवर पिल्लू सापडलं. घरी आणून वाढवावं का?

मी एकदा वाढवलं होतं, बुलबुलाचं. खारीवावच्या घरात, बुटांच्या खोक्यात, दर अर्ध्या तासाला चारा देऊन. ते छान वाढलं, खांद्यावर बसायचं. सोडल्यावर चौथ्या दिवशी शेजारच्या मांजरीने ते अंगणात धरलं. ते उडालंच नाही. मांजर पाहून ओरडणारं कोणी त्याने कधी ऐकलंच नव्हतं. मी त्याला सगळं दिलं, हे द्यायला माझ्याकडे नव्हतं.

म्हणून आता असं करतो. अंगावर पिसं आलेलं, टुणटुण उड्या मारणारं पिल्लू असेल तर ते बहुधा हरवलेलं नसतं, उडायला शिकत असतं. उचलून जवळच्या झुडपात उंचावर ठेवा. माणसाच्या हाताच्या वासाने आई टाकत नाही. उघडंवाघडं असेल आणि घरटं दिसत असेल तर घरट्यात ठेवा. जखमी असेल, मांज्यात अडकलेलं असेल, तर वन खात्याला किंवा उत्तरायणाच्या दिवसांत जखमी पक्ष्यांसाठी चालणाऱ्या करुणा अभियानाच्या केंद्रावर कळवा. बाकी वेळी कुत्रं-मांजर लांब ठेवा, स्वतःही वीस पावलं मागे सरका आणि अर्धा तास थांबा. चोचीत किडा घेऊन कोणीतरी येतं. आधी वरच्या फांदीवर बसून तुमच्यावर ओरडतं, मग खाली उतरतं.